थंडीतली सांधेदुखी : शेक झाला की पुढे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निफाडचा पारा सहा-सात अंशांवर आला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पहिल्या पानावर येतो आणि दोन-चार दिवसांत आतल्या पानावर ‘थंडीत सांधेदुखीवर घरगुती उपाय’ अशी चौकट येते. तिच्यातला सल्ला ठरलेला असतो : शेक घ्या, तेल चोळा, ऊबदार कपडे घालून आराम करा. शेक आणि तेल ठीक आहे. पण ज्यांचे गुडघे, कंबर, खांदे थंडीत आखडतात अशा बहुतेकांसाठी ‘आराम करा’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो इतक्या वेळा छापून येतो की लोक तो मनापासून पाळतात. डिसेंबर-जानेवारी पांघरुणात काढलेली माणसे फेब्रुवारीत चालायला लागतात तेव्हा मांडीचे स्नायू उतरलेले असतात आणि गुडघा आधीपेक्षा जास्त दुखतो. थंडी जाते, दुखणे मागे राहते. फिजिओथेरपीच्या कामात हे दर वर्षी पाहायला मिळते, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी थंडीने नेमके काय होते ते. आतली ऊब राखण्यासाठी शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आवळून घेते. स्नायू ताठ होतात. सांध्यात जे नैसर्गिक वंगण असते ते गार झाले की दाट होते, त्यामुळे पहिल्या काही हालचाली जड जातात. त्यात रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन, मान आखडून झोपलेले असतो. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : थंडीमुळे सांधा झिजत नाही. झीज आधीच झालेली असते, थंडीत ती जाणवते जास्त. हवामान आणि दुखणे यांवरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. मँचेस्टर विद्यापीठाच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अडीच हजारांहून अधिक लोकांनी आपल्या दुखण्याची रोजची नोंद मोबाइलवर ठेवली होती. त्यात दुखणे वाढण्याचा संबंध हवेतला दमटपणा, कमी झालेला हवेचा दाब आणि वारा यांच्याशी दिसला, नुसत्या तापमानाशी ठळकपणे दिसला नाही. थंडीतल्या दुखण्याचा मोठा भाग थंडीत आपण जसे वागतो त्याचा असतो, असे आमचे मत आहे. आपण कमी हलतो, कमी पाणी पितो, उशिरा उठतो, फिरणे बंद करतो. हा भाग आपल्या हातात आहे.

शेक ही हालचालीची तयारी आहे. शेकल्यावर स्नायू सैल पडतात, दुखणे थोडे बोथट होते आणि साधारण पंधरा-वीस मिनिटे सांधा हलवायला सोपा जातो. तेवढ्या वेळात व्यायाम केला तर शेकाचे चीज होते. शेकून परत गोधडीत शिरले की सांधा अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा पहिल्यासारखा होतो, आणि मग माणूस दिवसातून पाच वेळा शेकत बसतो.

म्हणून सकाळचा क्रम असा ठेवावा. जाग आल्यावर पांघरुणातच पावले वर-खाली वीस वेळा करावीत, मुठी वीस वेळा उघड-मीट कराव्यात, मग टाच गादीवरून सरकवत एकेक गुडघा दहा वेळा वाकवून सरळ करावा. त्यानंतर टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून गुडघ्याने ती खाली दाबायची आणि पाच आकडे होईपर्यंत दाब धरायचा. प्रत्येक पायाला दहा वेळा. या वेळी एक हात मांडीच्या पुढच्या भागावर ठेवून पाहावे. तिथला स्नायू दगडासारखा घट्ट झाला पाहिजे आणि गुडघ्याची वाटी किंचित वर सरकलेली कळली पाहिजे. बरेच जण मांडीऐवजी ढुंगणाचा जोर लावतात किंवा श्वास रोखून धरतात. श्वास रोखल्याने रक्तदाब चढतो. आकडे मोठ्याने मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. उठताना आधी कुशीवर वळावे, हाताने रेटा देऊन बसावे आणि पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे मिनिट कधीच चुकवू नये. झटकन उठल्यावर अंधारी येऊन पडण्याचे प्रकार थंडीत पहाटेच जास्त होतात.

मग शेक, किंवा सोसेल अशा गरम पाण्याची आंघोळ. आणि अंग पुसून कपडे घातले की लगेच उभ्याने करायचे व्यायाम. यातला सर्वांत गुणाचा आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे खुर्चीतून उठणे-बसणे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, प्लास्टिकची हलकी खुर्ची फरशीवर सरकते. बसायची उंची गुडघ्याइतकी किंवा थोडी जास्त हवी, कमी असेल तर गोधडीची घडी घालावी. पावले खुब्याच्या रुंदीएवढी लांब आणि गुडघ्यांपेक्षा थोडी मागे घ्यावीत. नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत पुढे झुकावे आणि मग उठावे. ताठ बसून सरळ वर उठायला गेले की सगळा भार गुडघ्यावर येतो आणि ‘हा व्यायाम मला झेपत नाही’ असा समज होतो. खाली बसताना तीन आकडे मोजत हळू बसावे, धप्पकन टेकू नये, कारण स्नायू खरे काम करतात ते या हळू बसण्यात. गुडघे आत वळू देऊ नयेत. आठ वेळा करून दोन मिनिटे थांबावे आणि पुन्हा आठ. सुरुवातीला खुर्चीच्या हातांचा आधार घ्यायला हरकत नाही.

दुसरा व्यायाम स्वयंपाकघरातला : ओट्याला धरून टाचा उचलायच्या, दोन आकडे वर राहायचे, सावकाश खाली. दहा-दहाचे दोन फेरे. चहा उकळेपर्यंत होतो. तिसरा, भिंतीला हात टेकवून एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला पक्की, पोटरी ताणली गेली की तीस आकडे थांबायचे. ताण देताना झोके देऊ नयेत. थंडीत रात्री ज्यांच्या पोटरीत गोळा येतो त्यांनी हाच ताण झोपण्यापूर्वी दोन्ही पायांना तीन-तीन वेळा द्यावा. गोळा आलाच तर गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढावे आणि धरून ठेवावे, चोळत बसण्यापेक्षा लवकर सुटतो.

किती दुखेपर्यंत करायचे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरले तर व्यायाम करताना चारपर्यंत दुखले तरी चालते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुखणे रोजच्या पातळीवर आलेले असेल तर मात्रा बरोबर आहे. वाढलेले असेल तर व्यायाम बंद न करता निम्मा करावा. आठवडाभर ठीक गेले की एक-दोन आवर्तने वाढवावीत. सहा ते आठ आठवडे नेमाने केल्याशिवाय फरक मोजू नये, स्नायूत ताकद यायला तेवढा वेळ लागतो.

फिरायला पहाटे पाचला जाण्याचा हट्ट थंडीत सोडावा. आठनंतर किंवा दुपारी चारनंतर जावे, पहिली पाच-सात मिनिटे रमत चालावे, मग वेग घ्यावा. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन भाग केले तरी तेवढाच उपयोग होतो. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा आधी. घरातही मोजे किंवा चपला हव्यात. नुसत्या मोज्यांनी फरशीवर पाय घसरतो, म्हणून तळाला रबरी ठिपके असलेले मोजे घ्यावेत. भारतीय बैठकीच्या शौचालयात सकाळच्या आखडलेल्या गुडघ्यांनी बसावे लागत असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणावी. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

दोन चुका इथेच सांगतो. गुडघ्याला बरे वाटते म्हणून रात्रभर त्याखाली उशी ठेवतात. काही आठवड्यांत गुडघा वाकलेलाच राहू लागतो, पूर्ण सरळ होत नाही, आणि मग चालण्याची ढबच बदलते. उशी घ्यायचीच असेल तर कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घ्यावी. दुसरी चूक नी-कॅपची. ती फिरताना, उभ्याच्या कामाला घालावी. आत दोन बोटे सहज जावीत एवढी सैल असावी आणि रात्री काढून ठेवावी. दिवसभर आणि रात्रभर घट्ट नी-कॅप घातल्याने पोटरीला सूज येते.

आता शेकाविषयी, कारण थंडीत दुखण्यापेक्षा शेकाने झालेल्या जखमा जास्त त्रास देतात. रबरी पिशवीत उकळते पाणी थेट ओतू नये. पातेल्यात आधी साधे पाणी घ्यावे, त्यात तेवढेच उकळते पाणी मिसळावे. हे मिश्रण साधारण ६० अंशांच्या आसपास येते. पिशवी दोनतृतीयांशच भरावी, आडवी करून वरची हवा काढावी, बूच घट्ट लावून उलटी धरून पाहावी आणि टॉवेलच्या दोन घड्यांत गुंडाळावी. पंधरा मिनिटे, फार तर वीस. दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून कातडी पाहावी. फिकट गुलाबी ठीक, लालभडक झाली की थांबावे. पिशवी अंगावर ठेवावी, अंगाखाली घेऊन तिच्यावर झोपू नये, दाबाने एक तर ती फुटते किंवा एकाच जागी चटका बसतो. रबर वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील तर ती पिशवी टाकून द्यावी. विजेचा शेकपट्टा लावून झोपी जाणे हे तर फारच धोक्याचे. आणि बाम किंवा दुखण्याचे मलम लावलेल्या जागी शेक घेऊ नये, दोन्ही मिळून कातडी भाजते.

मधुमेह जुना असेल आणि तळपाय बधिर असतील, मुंग्या येत असतील, तर पायांना कोणताही शेक देऊ नये. चटका कळतच नाही, फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो आणि तीच जखम पुढे महिनोन् महिने चिघळते. अशांनी लोकरी मोजे घालावेत, पांघरूण घ्यावे. गुडघा किंवा कंबर शेकायची असेल तर एक भाग उकळते आणि दोन भाग साधे पाणी घ्यावे आणि आधी घरातल्या दुसऱ्या माणसाने हात लावून पाहावा. चुकून भाजलेच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, तेल, हळद काही लावू नये.

वीट तापवून, मीठ किंवा वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकण्याची आपली पद्धत वाईट नाही. फक्त तिची उष्णता पाण्यासारखी मोजता येत नाही. म्हणून पुरचुंडी आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. पाय मुरगळला असेल, सांधा ताजा सुजून गरम लागत असेल, तर मात्र शेक नको. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. थंडीचे दिवस आहेत म्हणून बर्फ चालत नाही, हा समज चुकीचा आहे.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये आणि गॅस गिझर बंद न्हाणीघरात असेल तर दार-खिडकी लावून वीस-वीस मिनिटे गरम पाणी अंगावर घेत बसू नये. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. डोके जड होणे, मळमळ, पाय लटपटणे ही सुरुवात असते. लगेच मोकळ्या हवेत यावे. गिझर न्हाणीघराबाहेर बसवून घेणे हाच खरा उपाय.

तेलाविषयी थोडक्यात. तिळाचे घ्या, नारायण तेल घ्या, कोमट करून दहा मिनिटे हळू हाताने, खालून वर चोळा. तेल सांध्याच्या आत जात नाही. गुण येतो तो चोळण्याचा आणि उबेचा. सुजलेल्या गरम सांध्यावर आणि एकाच बाजूच्या सुजलेल्या, दुखऱ्या पोटरीवर मालिश करू नये. त्या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. तेलकट तळपायांनी फरशीवर चालू नये.

डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचे जेल गुडघ्याच्या आणि हाताच्या झिजेवर चांगले काम करते, पण लोक वाटाण्याएवढे लावून ‘गुण येत नाही’ म्हणतात. गुडघ्याला एका वेळी सुमारे ४ ग्रॅम लागते, म्हणजे जवळजवळ दहा-अकरा सेंटिमीटर लांब पट्टी, आणि ती दिवसातून तीन-चार वेळा. हाताला याच्या निम्मे. याचा अर्थ तीस ग्रॅमची ट्यूब दोन-तीन दिवसांत संपते. खर्च होतो, पण पोटात घ्यायच्या गोळ्यांपेक्षा हे फार सुरक्षित आहे. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी जठरात व्रण होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. थंडीत रक्तदाब एरवीच चढलेला असतो आणि पाणी कमी प्यायलेले असते. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल आणि त्यावर या गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंड अचानक काम थांबवू शकते. दुकानदाराला ‘गुडघ्याची गोळी द्या’ म्हणून त्या घेऊ नयेत. पॅरासिटामॉल त्या मानाने बरी. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत किमान सहा तासांचे अंतर ठेवावे आणि दिवसात एकूण ३ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. वजन पन्नास किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारू नेहमीची असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहूनही कमी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते या हिशोबात धरावे.

आठवडी बाजारात, यात्रेत आणि काही ठिकाणी घरपोच मिळणाऱ्या ‘वाताच्या पुड्या’ ही याहून गंभीर गोष्ट आहे. नाव नाही, घटक नाहीत, आणि पहिल्याच दिवशी माणूस पळायला लागतो. असा तत्काळ गुण बहुधा स्टेरॉइडचा असतो. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर चढते, कातडी पातळ होऊन जरा धक्क्याने निळी पडते, हाडे ठिसूळ होतात. पण ज्यांनी अशी पुडी महिनोन् महिने घेतली आहे त्यांनी ती हे पत्र वाचून एकदम बंद करू नये. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते आणि अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.

खाण्याबाबत घरोघरी खूप बंधने घातली जातात. दही आणि आंबट खाल्ल्याने सांधे धरतात याला आधार नाही. उलट दही सोडलेल्या बायकांच्या पोटात प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही कमी जातात. डिंकाचे, मेथीचे लाडू आवडीने खावेत, पण डिंक सांध्यात जाऊन वंगण होत नाही. मधुमेह किंवा जास्त वजन असलेल्यांनी हात आखडता घ्यावा. एक किलो वजन कमी झाले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. पाणी तहान लागली नाही तरी घोट घोट पीत राहावे. ज्यांना गाउट म्हणजे यूरिक अ‍ॅसिडचा त्रास आहे त्यांच्यासाठी तर हे पथ्यच समजावे.

कोवळ्या उन्हात बसल्याने ऊब मिळते, मन प्रसन्न होते, पण ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. त्यासाठी लागणारे किरण ऊन डोक्यावर असताना येतात. साधी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान हवी. डिसेंबरच्या मध्यावर नाशिक भागात ती वेळ दुपारी साधारण पावणेबारा ते सव्वा एवढीच असते. हात, पाय, पाठ उघडी ठेवून पंधरा-वीस मिनिटे बसावे, काचेच्या आडून नको. रक्ततपासणीत कमतरता निघाली तर साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, बहुधा आठ आठवडे देतात. पुष्कळ जण ती मग वर्षभर दर आठवड्याला घेत राहतात. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाचा त्रास होतो. आठ झाल्या की डॉक्टरांना विचारल्याशिवाय नववी घेऊ नये.

आमच्या भागातले थंडीचे दुखणे मुख्यतः शेतातले आहे आणि चौकटींमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. उन्हाळ कांद्याची लागवड नेमकी डिसेंबर-जानेवारीत असते. बायका सकाळी गार चिखलात उकिडव्या बसून किंवा कमरेत वाकून रोपे लावत पुढे सरकतात. बोटे बधिर होतात, कंबर धरते, गुडघे सुटत नाहीत. द्राक्षबागेत मण्यांची विरळणी करणाऱ्यांचे हात तासन् तास डोक्याच्या वर असतात, तिथे मान आणि खांदे जातात. ऊसतोड मजूर तर अंधारात कोयता हातात घेतात. या लोकांना ‘आराम करा’ म्हणणे व्यर्थ आहे. त्यांना करता येण्यासारखे एवढे आहे : कामाला हात घालण्याआधी बांधावर पाच मिनिटे जागच्या जागी चालणे, खांदे गोल फिरवणे, कमरेवर हात ठेवून मागे वाकणे. लागवड चालू असताना दर अर्ध्या तासाने उभे राहून कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे वाकायचे. एकदा उकिडवे, एकदा वाकून, असे आलटून पालटून काम करायचे. विरळणीला पाट किंवा भक्कम खोके पायाखाली घेऊन घड हनुवटीच्या उंचीवर आणायचा. ओले हातमोजे-मोजे तसेच ठेवायचे नाहीत, कोरडी जोडी पिशवीत हवी. बधिर बोटे थेट जाळावर धरायची नाहीत, आधी पुसून काखेत धरायची.

पण मुख्य बदल मालकाच्या हातात आहे. गारठ्याच्या पंधरवड्यात लागवड सातऐवजी साडेआठला सुरू करून दुपारची सुट्टी कमी केली तर काम तेवढेच होते आणि मजुरांच्या कमरा वाचतात. शेतीपंपाला जिथे अजून रात्रीची वीज आहे तिथे शेतकरी मध्यरात्री बर्फासारख्या पाण्यात उभा राहून बारे देतो. दिवसा वीज ही त्याच्या गुडघ्यांचीही गरज आहे, हे महावितरणने लक्षात घ्यावे.

कोणते दुखणे घरी सांभाळायचे नाही तेही लिहितो. झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात जातो. तो तासाभराहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांच्या बोटांची पेरे किंवा मनगटे सुजत असतील आणि असे सहा आठवडे चालले असेल तर तो आमवात असू शकतो. तिथे व्यायामाआधी औषध हवे, आणि ते लवकर सुरू झाले तरच बोटे वाकडी होण्यापासून वाचतात. पावसाळ्यात चिकुनगुनिया होऊन गेलेल्यांचे सांधे थंडीतही दुखू शकतात, डॉक्टरांना तो आजार झाल्याचे आवर्जून सांगावे. एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला तर रात्र उजाडायची वाट पाहू नये. आणि चालताना, चढ चढताना छातीत, डाव्या खांद्यात किंवा जबड्यात दुखून थांबल्यावर कमी होत असेल तर ते थंडीचे दुखणे समजून बाम चोळत बसू नये, ते हृदयाचे असू शकते. बसल्या जागीही दुखू लागले, सोबत घाम आला, तर १०८ क्रमांकावर फोन करावा.

आपल्याकडे एक मागणी आहे. थंडीच्या दिवसांत ‘संधिवात मुळापासून बरा’, ‘गुडघेदुखी सात दिवसांत गायब’ अशा छोट्या जाहिराती सर्वच वृत्तपत्रांत वाढतात, आपल्याही. औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या परिशिष्टात जे आजार आहेत त्यात संधिवात आहे, आणि असा दावा करणाऱ्या जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. जाहिरात विभागाने या महिन्यापासून अशी जाहिरात स्वीकारताना उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि घटकांची यादी मागावी, आणि दावा कायद्यात बसत नसेल तर ती परत करावी. त्या जागेत उभ्याने करायच्या तीन व्यायामांची चित्रे छापायची असतील तर ती आम्ही विनामूल्य काढून देऊ.

आपले,
निफाड परिसरातील दोन फिजिओथेरपिस्ट
(जि. नाशिक)